भरतीसाहेबांचा समुद्र

आमच्या ताईचा नवरा कॉलेजात भूशास्त्र शिकवायचा. तोंडावर मी त्याला 'अहो भावोजी' म्हणते. पाठीमागे अरे-तुरे, खोटं कशाला सांगू!

मुलं त्याला 'भरतीसाहेब' म्हणत, कारण त्याच्या समुद्राला ओहोटी ठाऊकच नव्हती. गावाबाहेर चुनखडीची खाण आहे. तिथल्या दगडात शिंपल्यांचे थरच्या थर आहेत, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. तो एकदाच आला आणि शेवटपर्यंत हलला नाही, असा भरतीसाहेबांचा सिद्धांत. तरुणपणी त्यावर एक लेख छापून आला होता. तेवढ्या एका अंड्यावर हा माणूस जन्मभर रवणाला बसला.

ताई त्याच विषयात शिकलेली, त्याच्यापेक्षा हुशार. पण लग्नानंतर ती त्याच्यासाठी दगडांचे काप घासायची, त्यांचे फोटो काढायची आणि व्याख्यानाला कुठला फोटो आधी ते त्याला घोकून घ्यायला लावायची.

एकदा ती एकटीच खाणीवर गेली. वरच्या आणि खालच्या शिंपल्यांच्या थरांमध्ये तिला वीतभर जाडीचा राखाडी थर दिसला. आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो ना, तशा भेगा त्यात होत्या. शिवाय झाडांच्या मुळांची बारीक भोकं. मुळं काही समुद्राच्या तळाशी रुजत नाहीत.

ती धापा टाकत घरी आली. मी तिथेच होते.

"अहो, समुद्र मधे गेला होता! तळ उघडा पडला, उन्हात तडकला, त्यावर झाडं उगवली. मग समुद्र परत आला."

त्याने पेपरातून मान वर केली नाही. "गेला असता तर मला कळलं नसतं?"

जणू समुद्र याच्याकडे रजेचा अर्ज टाकून जाणार होता.

ताईने त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. तिथली लादी त्याच खाणीतली, आणि 'नक्षी काय सुरेख आहे' म्हणत यानेच निवडून आणलेली. ती नक्षी म्हणजे त्याच भेगा! ताई रोज त्यांच्यावरून फडकं फिरवत होती आणि तिलाही तोवर उमगलं नव्हतं.

"कारागिराने छिन्नी मारली असेल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात हा मोठा गालिचा आला. आठवड्याभरात प्राचार्यांच्या कानाला लागून त्याने खाणीतला तो थरही सिमेंटने लिंपून घेतला. कारण काय, तर दरडीचा धोका! खरा सुटलेला धोंडा वर लोंबत होता, त्याला कुणी बोट लावलं नाही.

ताई आपली पुन्हा त्याच्यासाठी दगडांचे काप घासायला बसली. मला तिचाही राग आला होता.

पुढे बाहेरगावचे अभ्यासक खाण पाहायला आले. भरतीसाहेबांनी त्यांना सिमेंटसमोर उभं करून भाषण ठोकलं आणि चहाला घरी आणलं. पाहतो तर व्हरांडा उघडा. गालिचा ताईने सकाळीच धुऊन वाळत घातला होता.

पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, गुडघे टेकले आणि पेल्यातलं पाणी लादीवर ओतलं. ओल्या दगडात भेगा लख्ख उठून दिसल्या.

"ही लादी कुठली हो?"

"बाजारातली," भावोजी म्हणाला.

"खाणीतली," ताई म्हणाली. "आत्ता तुम्ही सिमेंट पाहिलंत ना, त्याच्या मागच्या थरातली. दोन्हीकडे मुळांची भोकं आहेत. हे बघा."

मग ती दोन्ही समुद्रांबद्दल बोलत राहिली आणि सगळे लादीभोवती उकिडवे बसून ऐकत राहिले. हा मात्र बिस्किटांची बशी घेऊन उभा. चेहरा असा, की मला हसू दाबायला आत जावं लागलं.

लाज वाटून गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण पडला तरी नाक वर! वर्षाच्या आत त्याने दोन समुद्रांवर लेख लिहिला, स्वतःच्या नावाने. शेवटी पत्नीचे आभार मानले, 'घर सांभाळल्याबद्दल'. निवृत्तीच्या समारंभात तर त्याने छाती फुगवून सांगितलं, "मी पहिल्यापासून दोन समुद्र म्हणत आलो." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

ताई त्या समारंभाला गेलीच नाही. त्या पाहुण्या बाईंनी तिला आपल्याकडे कामाला बोलावलं होतं. ती आता दूरच्या डोंगरांत समुद्र किती वेळा आला-गेला ते शोधते. महिन्याकाठी घरी येते, तोवर भावोजी स्वतःचा चहा स्वतः करतो.

"तुला राग नाही येत?" मी तिला विचारलं.

"येतो ना. पण भांडत बसले तर उन्हं उतरतील. मला डोंगर चढायचाय."

मला कुठला डोंगर चढायचा नाही. मी निवांत बसून त्याला नावं ठेवते.