अडखळणारी गाडी

जुना कॉम्प्युटर मेला, असं कुणी म्हटलं की मला आधी राग येतो. मेला म्हणजे काय? नीट तपासलंत का? बीडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे आणि लोकांनी भंगारात काढलेली कितीतरी डबडी मी उठवून बसवली आहेत. त्यामुळे घरातल्याच कॉम्प्युटरनं माझ्या नाकावर टिच्चून गचके द्यावेत, हे काही मला सोसणार नव्हतं.

तो खोलीत लावला होता अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आमच्या घराजवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात त्यांनी जन्मभर ट्रक दुरुस्त केले. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. रबरी चेंडू दाबायला अप्पांनी साफ नकार दिला. "मी काय लेकरू हाय?" मग मी माझा कॉलेजातला कॉम्प्युटर काढून त्यावरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. तो लेकरांचा खेळ मात्र चालला! बोटं हळूहळू वळायला लागली.

पुढं खेळच अडखळू लागला. सरळ रस्त्यावर ठीक, वळण आलं की चित्र थिजायचं आणि पुन्हा हलेपर्यंत गाडी भिंतीवर. अप्पा कॉम्प्युटरला दोष देईनात.

"हातच मागं पडतोय माजा," ते एका सकाळी चहा पिताना म्हणाले. "पान्यांची पेटी देऊन टाका कुनाला बी. मला काय करायची आता?"

आईनं लगेच मान डोलावली. झटक्यानंतर ते दोनदा न्हाणीत पडले होते. तेव्हापासून आम्ही दोघींनी त्यांना एकटं अंगणाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. पण ती पेटी मला जाऊ द्यायची नव्हती. तिच्यावरच तर आम्ही वाढलो होतो.

"रविवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. "दोष हाताचा आहे की यंत्राचा, ते मी सांगते."

रविवारी कॉम्प्युटरचा डबा उघडला. धूळ उडवली, पंखा साफ केला, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, खेळातल्या सावल्या बंद केल्या. गचके तसेच. मग पडदा सोडून मी डब्याकडेच बघत बसले. प्रत्येक गचक्याला डिस्कचा लाल दिवा पेटून राहत होता. पुढच्या रस्त्याचं चित्र डिस्कवरून यायलाच उशीर होत होता. डिस्कला जोडणारी पट्टीसारखी चपटी केबल घडीपाशी तडकलेली निघाली. मी खुशीत नवी घातली आणि खेळ लावला. पहिल्याच वळणावर गचका.

"केबल तर नवी घातलीस," अप्पा म्हणाले. "मग कावून अडतंय?"

आता माझ्या लक्षात आलं. "जुन्या केबलीमुळं डिस्ककडून सारखी चूक व्हायची. फार चुका झाल्या की कॉम्प्युटर डिस्कला हळू चालवायचं ठरवतो. दोष गेला तरी आपणहून वेग वाढवत नाही."

"बरी झाली तरी बी?"

"तरी. चुकांची ती जुनी नोंद आपण काढून टाकायची, मग तो तिला नव्यानं ओळखतो."

नोंद काढली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. अप्पांनी गाडी सोडली. एक वळण गेलं, दुसरं गेलं, चित्र कुठं थिजलं नाही. पुढं एकदा गाडी भिंतीला घासली तेव्हा ते हसले. "ही माजी चूक. हात हाय जाग्यावर."

मग खेळ तसाच सोडून ते माझ्याकडं आणि आईकडं वळले.

"मी बी दोनदा पडलतो," ते म्हणाले. "ती नोंद कवा काढताय?"

आईनं पदर सावरला आणि आत गेली. पेटी तिनंच आणून ठेवली.

सोमवारी अप्पा चौकाकडं एकटे निघाले. पेटी उजव्या हातात. वाटेत त्यांनी ती एकदा खाली टेकवली, पुन्हा त्याच हातानं उचलली. धावत जाऊन धरावी असं मला फार वाटलं. मी ओट्यावरून हलले नाही.