चित्रातल्या राणीचा रुसवा

बायांनो, आज एका छापील बाईपायी माझा नुसता जळफळाट झाला.

आमचे हे इतिहासाचे मास्तर. मस्तगडच्या रद्दीवाल्याकडून दरबाराचं एक जुनं छापील चित्र घेऊन आल्ते. आज दुपारी मित्रांना बोलावून, हातात भिंग घेऊन समजावून सांगून राह्यले, "राजाला सोडा, ह्या कोपऱ्यातल्या राणीकडं बघा. मान फिरवलेली, पदराचं टोक मुठीत गच्च धरलेलं. सगळे हसून राह्यले, पण बाई रुसलेली आहे!"

मित्र म्हणले, "वा सर, बराबर ओळखलं!"

आणि मी? मला हसनाबादला भावाकडं न्यायचं ह्यांच्या साफ ध्यानातून गेलं, म्हणून मी सकाळपासून रुसलेली. ह्यांना त्याचा पत्ताच न्हाई. वरून त्या राणीच्या कौतुकासाठी चहा मीच केला.

मंग मित्र गेल्यावर मी मुद्दाम ह्यांच्या समोर जाऊन बसले. बिलकुल त्या राणीसारखी. मान फिरवली, पदर मुठीत गच्च धरला.

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"मान आखडली का गं? बाम आणू?"

बायांनो, तुमचा रुसवा घरात कोणी ओळखतं का? का मी बी एखाद्या चित्रात जाऊन बसू?