काचेच्या खोलीची फरशी

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला हॉलला लागून एक मोकळी गच्ची आहे. पनवेलमधला हा फ्लॅट आम्ही घेतला तो त्या गच्चीसाठीच. निवृत्त झाल्यावर यांनी तिला तिन्ही बाजूंनी काच लावून घेतली. वर अर्धी काच, अर्धा पत्रा. तिथे कुंड्या ठेवायच्या, वेताच्या दोन खुर्च्या टाकायच्या, सकाळचा चहा तिथेच प्यायचा, असं सगळं ठरलेलं होतं. फरशी तेवढी राहिली होती. खाली नुसता खडबडीत कोबा. "फरशीचं मी बघतो," असं हे म्हणाले, आणि त्याच महिन्यात यांना अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली. बोलणंही बरंचसं गेलं. दिवसभरात पाच-सात शब्द, तेही एकेक, सुटे. पुढचे आठ महिने आंघोळ, औषधं, कुशी बदलणं यात कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. त्या काळात मी बसल्या बसल्या झोपायला शिकले, एवढं आठवतं.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई एक दिवस म्हणाल्या, "आता यांना वॉकर धरून रोज चालवायला हवं. पण या हॉलमध्ये नको. ही फरशी आरशासारखी आहे. एकदा घसरले की सगळं पहिल्यापासून." मग त्यांनी काचेकडे पाहिलं. "ती खोली का वापरत नाही तुम्ही?"

त्या खोलीत तेव्हा जुनी गादी, रद्दी आणि वाळलेल्या चार कुंड्या होत्या. मी म्हटलं, "बघते."

शेजारणीला तासभर यांच्याजवळ बसवून मी बाजारातल्या एका टाईल्सच्या दुकानात गेले. दुकानदार पनवेलचेच, कोकणी मुसलमान कुटुंबातले, तरुणपणी बरीच वर्षं आखातात काढून आलेले. त्यांनी आधी चकचकीत टाईल्स दाखवल्या. एकीत माझा चेहरा दिसला आणि मी दुसरीकडे पाहू लागले.

"मला न घसरणारी हवी," मी म्हटलं. "पाणी पडलं तरी."

"कोणासाठी, भाभी?"

मी सांगितलं. त्यांनी चकचकीत टाईल्स बाजूला सारल्या. आतून तीन प्रकार आणले. एक लाकडासारखी दिसणारी गडद तपकिरी, एक करडी, एक मळकट पांढरी. पांढरीवर त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, चप्पल काढून स्वतः उभे राहिले आणि पाय घासून दाखवला. "अम्मीच्या बाथरूममध्ये मी हीच लावली होती. दिसायला काही खास नाही. पण तिन्ही घरी न्या, साहेबांना पसंत करू द्या. जल्दी नाही."

मला ते बरं वाटलं. आठ महिन्यांत यांना काही विचारावं असा प्रसंगच आला नव्हता.

तिन्ही नमुने मी काचेच्या खोलीत कोब्यावर मांडले आणि दुपारची कामं आवरून यांना खुर्चीवर तिथे नेऊन बसवलं. मार्च महिना, ऊन काचेतून सरळ खाली येत होतं. मी विचारलं, "कोणती?" यांनी जराही वेळ न घेता डाव्या हाताने तपकिरीकडे बोट दाखवलं. "लाकूड," हे म्हणाले. पुष्कळ दिवसांनी यांच्या तोंडावर काहीतरी हवंसं वाटल्याची खूण दिसली. मी खूश होऊन यांचे दोन्ही पाय उचलले आणि त्या टाईलवर ठेवले.

डावा पाय यांनी लगेच झटकन वर घेतला. उजवा तसाच राहिला. मला वाटलं, पाय अवघडला असेल. यांच्याकडे बघत मी चार शब्द बोलले असेन. मग माझा हात टाईलला लागला, आणि चटका बसला. तव्यासारखी तापली होती ती. यांचा उजवा तळवा तिच्यावरच होता आणि यांना काहीच कळत नव्हतं.

तळव्याला फोड आला नाही, नुसता लाल झाला. मी गार पाण्यात फडका भिजवून तो कितीतरी वेळ पायावर धरून बसले. पांढऱ्या टाईलला हात लावून पाहिला. कोमट होती.

"आपण पांढरी घेऊ," मी म्हटलं.

"लाकूड."

"अहो, पाय भाजला तरी तुम्हाला समजणार नाही."

"लाकूड," हे पुन्हा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मी पांढरी मागवली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, घरातली एकही मोठी वस्तू मी यांच्या मनाविरुद्ध आणली नव्हती. आणली तेव्हा भांडायला समोर माणूस होता, पण त्याच्याजवळ शब्द नव्हते. ती गोष्ट मला फार लागली.

फरशी बसवायला आलेला मिस्त्री उरणकडचा कोळी. पन्नाशीचा. भाऊ सगळे करंजाच्या बंदरात होडीवर, पण याला होडीत बसलं की उलट्या व्हायच्या, म्हणून हा धंदा धरला, असं त्याने चहा पिताना सांगितलं. दाराशी बसून त्याने दोन ठिकाणची उंची पाहिली. खोली हॉलपेक्षा चार बोटं खाली होती.

"पायरी नको," मी म्हटलं. "वॉकर अडतो. हॉलच्या बरोबरीने आणा, आणि सगळं अगदी सपाट करा."

"सपाट नाय चालनार ताई. तुमी झाडांना पानी घालनार, ते आत येल. थोडा ढाळ ठेवतो बाहेरच्या अंगाला."

"ढाळावरून वॉकर पुढे पळेल. सपाटच करा."

"बगा बुवा," तो म्हणाला. "घर तुमचं हाय."

दोन दिवस ठोकाठोक चालली. सिमेंटची धूळ घरभर, यांना खोकला, माझं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी टाईल्स बसल्या. मिस्त्रीने बादलीभर पाणी आणून कोपऱ्यात ओतलं. पाणी जागेवर पसरलं, थोडं थांबलं आणि मग सावकाश, सरळ हॉलमध्ये आलं. यांच्या पलंगाखालपर्यंत.

मी तिथेच दारात बसले आणि रडले. परक्या माणसासमोर मी कधी रडत नाही. मिस्त्रीने आधी फडक्याने पाणी टिपलं. मग म्हणाला, "पुऱ्या नाय काढायला लागनार. दाराकडच्या दोन रांगा काढतो, सिमेंट अजून ओलं हाय. दारापासून इतका बारीक ढाळ देतो का पायाला कलनार पन नाय."

"मी ऐकायला हवं होतं तुमचं."

"जाऊ द्या ताई. चाय ठेवा."

त्याने रांगा काढून पुन्हा बसवल्या, आणि पुन्हा बादली ओतली. या वेळी पाणी बाहेरच्या कडेला, सांडपाण्याच्या जाळीकडे गेलं. "आता दोन दिवस कोनी पाय ठेवू नका," असं बजावून तो गेला.

दोन दिवसांनी मी यांना वॉकरसकट दारापर्यंत नेलं. यांनी खाली पाहिलं. "फिकी," म्हणाले, आणि पुढे पाऊल टाकेनात. दुसऱ्या दिवशी तेच. नऊ-दहा दिवस तेच. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, मग सोडून दिलं. कुंड्या आणून लावल्या, त्यांना पाणी घालायला मी एकटीच आत जात होते.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात असताना मला वॉकरचे रबरी पाय टेकल्याचा आवाज आला. मी बाहेर आले तेव्हा हे अर्ध्या खोलीत होते. एकटेच. डावा पाय, वॉकर, मग ओढत आणलेला उजवा. मी धावले नाही. धावले असते तर हे थांबले असते. खुर्चीपर्यंत पोचायला यांना किती वेळ लागला कोण जाणे. बसल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा तळवा टाईलवर दोनदा घासला. फरशीबद्दल यांनी त्यानंतर चांगलं-वाईट काही म्हटलं नाही.

आता हे रोज तिथे जातात, सकाळी साडेसातपासून ऊन चढेपर्यंत. उन्हाळ्यात नऊनंतर ती खोली भट्टीच होते. मला आराम मिळेल असं लोक म्हणाले होते, तसं काही झालेलं नाही. एक खोली पुसायची वाढली. पण त्या दीड तासात मला कुणी हाक मारत नाही. मी ओट्याला टेकून उभी राहते आणि बहुतेक वेळा काहीच करत नाही.