मूठ आणि पावती

आमच्या शेजारची काकी आवाटातली, म्हणजे आमच्या वाडीतली, सगळ्यात भांडकुदळ बाई होती. हे मी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तरी तिला राग आला नसता, उलट बरंच वाटलं असतं. नळाला पाणी उशिरा आलं की ती पाणी सोडणाऱ्याशी भांडायची. आपल्या माडाचा नारळ शेजाऱ्याच्या आवारात पडला की नारळासाठी भांडायची आणि शेजाऱ्याचा तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पडला की डोकं फुटलं असतं म्हणून भांडायची. मासेवालीशी तर तिचं रोजचंच होतं. पापलेट हातात घेऊन, कल्ला उघडून, "ह्या काय काल मेला, की परवा?" असं विचारल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही.

पण ह्याच बाईच्या हाती आवाटातली मूठ होती.

मूठ म्हणजे काय ते आता आमच्याच मुलांना सांगावं लागतं. कोणाच्या घरी आजारपण आलं, कोणाची होडी फुटली, कोणाच्या मुलीचं लग्न अडलं, की काकी एक कापडी पिशवी घेऊन घरोघरी निघायची. बरोबर मी. दारात उभी राहून ती एवढंच म्हणायची, "आवाटातल्या एका घराक गरज आसा." घरातलं माणूस मूठ मिटून पिशवीत घालायचं, आत उघडायचं आणि हात बाहेर काढायचं. कोणी किती दिले ते आम्हालाही कळायचं नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी काहीच नसायचं, तोही रिकामी मूठ घालायचा. आणि ज्या घरासाठी मागतोय त्या घरीही आम्ही जायचो. त्यांचीही मूठ पिशवीत जायची. ते घर वगळलं तर सगळ्यांना समजलं असतं ना.

खरं म्हणजे समजायचंच. एवढ्याशा आवाटात काय लपतं? पण समजलंय असं कोणी दाखवायचं नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेने एकदा विचारलं होतं, कोणासाठी म्हणून. काकी तिच्यावर कडाडली. "तुका नाव कित्याक व्हया? दत्तक घेतलस काय तेका?" ती पोर महिनाभर आमच्याशी बोलली नाही.

मग दोन परके लोक आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्रं, हातात पावती पुस्तक. कुठल्याशा अनाथाश्रमासाठी देणगी मागत होते आणि फोटोही दाखवत होते. आपले लोक भोळे. पावती मिळते म्हटल्यावर तर अधिकच. सगळ्यांनी दिले, काकीनेही दिले. नंतर कळलं की तसा आश्रमच नाही. पैसे गेले त्यापेक्षा आपल्याला कोणी फसवलं, ह्याचा काकीला जास्त संताप आला होता.

ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचा. "उद्या कोणय येतलो, खळ्यात उभो रवतलो, आणि आमी तेका पैसे देवचे? परवानगी दाखव म्हणाचा पयली!" लोकांनी माना डोलावल्या. ठराव झाला. गावात घरोघरी वर्गणी, देणगी, मदत, काहीही मागायचं तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी हवी. मागणाऱ्याचं नाव, कारण, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव आणि फोटो. छापील, नंबर घातलेल्या पावत्या. परवानगीची प्रत सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायची. गावाच्या वेशीवर तशी पाटीही लागली. मीसुद्धा हात वर केला होता आणि आजही तो ठराव मला वाईट वाटत नाही. चोरांना दार बंद करायलाच हवं होतं. मूठ त्या ठरावात येते, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मूठ म्हणजे वर्गणी असं आम्ही कधी धरलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी काकीला धाप लागू लागली. आधी ती म्हणाली, वय झालं. मग पायऱ्या चढताना थांबू लागली आणि थांबलेली कोणाला दिसू नये म्हणून वाटेतल्याच कोणाशी तरी भांडण काढू लागली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गोव्यात एका हॉटेलात कामाला, त्याचं त्यालाच पुरत होतं. मीच तिला कणकवलीला डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची झडप खराब झालीय, बदलायला हवी, गोव्याला जा, आणि लवकर जा, असं त्यांनी सांगितलं. बराचसा खर्च सरकारी योजनेतून निघणार होता, पण वरचा खर्च, औषधं, मुलाची बुडणारी रजा, तिथलं राहणं, हे सगळं काकीच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मी म्हटलं, "काकी, आता तुझी पाळी. मूठ मी काढते." पिशवी तिच्याच खुंटीवर होती. तिने मान हलवली.

"आणि परवानगी?"

"कसली परवानगी? आपल्या आवाटात?"

"बोंब मीयाच मारलेली मा ग्रामसभेत? आता माज्यावर इला म्हणान मोडू? उद्या लोक म्हणतले, काकीक नियम नाय."

मी खूप समजावलं. तिच्यापुढे माझं कधी चाललंय? मला वाटतं, तिला लाजही वाटत होती आणि ती लाज झाकायला नियम बरा सापडला होता. पण असं मी तिला म्हटलं असतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं.

ग्रामसेवक तरुण आणि सज्जन होता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि अर्ज स्वतः लिहून घेतला. "लाभार्थी म्हणून तुमचं नाव येईल, काकी. डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि एक पासपोर्ट साइझचा फोटो."

"फोटो कित्याक? रोग हृदयाक आसा, तोंडाक नाय," काकी म्हणाली. ग्रामसेवक हसला, मीही हसले. फोटो काढायला ती माझी साडी नेसून गेली.

परवानगी लवकर मिळाली. तिच्या हाती कागद देताना ग्रामसेवक इतका खुश होता, की त्याला काय म्हणणार? पैसे मागायला घरोघरी मी आणि मंडळातले दोघंतिघं जाणार असं ठरलं. आवाटातल्या पोरांचं मंडळ आहे. गणपतीत डेकोरेशन, शिमग्यात रोंबाटाची मिरवणूक, पावसाळ्यात रस्त्यावर पडलेली झाडं तोडणं, सगळं तेच करतात. पोरं चांगली आहेत. प्रत दिसेल अशा जागी लावायची हा नियम मी त्यांना सांगितला आणि तेवढं काम त्यांच्यावर सोपवलं. एक झेरॉक्स काढून एसटीच्या शेडमध्ये चिकटवतील, असं माझ्या मनात होतं.

त्याच आठवड्यात काकीला आणखी तपासण्यांसाठी कणकवलीला न्यायचं होतं. दिवसभर रांगा, सुया, कागद. परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी डोळे मिटले होते. गाडी आमच्या थांब्यावर वळली आणि तिने माझा दंड घट्ट धरला.

"गो, ता माजाच तोंड मा?"

शेडच्या दर्शनी बाजूला, पार पत्र्यापासून खांबाच्या बुडापर्यंत, फ्लेक्स लागला होता. आमच्याकडे वाढदिवसाचा, निवडीचा, दहावी पास झाल्याचा फ्लेक्स लागतो. पोरांनी तोच हिशेब धरला. मध्ये काकीचा फोटो, माणसाएवढा. वर मोठ्या अक्षरात 'मदतीचे नम्र आवाहन'. खाली आजाराचं नाव, परवानगीचा क्रमांक, आणि काठाने शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो, हात जोडलेले. साडी माझीच होती. मोठ्या फोटोत तिचा काठ विरलेला दिसत होता, जो मला कधी दिसला नव्हता.

गाडीतली माणसं एकदा फ्लेक्सकडे बघत होती, एकदा काकीकडे. कंडक्टरने तिला हाताला धरून उतरवलं. एरवी ती कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडायची. त्या दिवशी तिने त्याला हात धरू दिला.

मी मात्र भांडले. मंडळाच्या खोलीत जाऊन मी जे तोंड सोडलं, ते काकीलाही शोभलं असतं. पोरं भांबावून गेली. "काकींसाठीच केलाव मा! आणि नियमातच आसा, लोकांका दिसात अशा जागेर लावूचा." त्यांतल्या एकाने फ्लेक्सचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले होते. त्याचे डोळे भरून आले. आता ह्याच्यावर कसं रागवायचं? त्याच संध्याकाळी त्यांनी फ्लेक्स उतरवला, पण तोवर त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला होता. मुंबईकरांना गेला, गोव्याला गेला, शिरोड्याला काकीच्या माहेरी गेला. तिच्या भावाचा फोन आला, "आमका सांगूचा होता मा पयली." तिने फोन माझ्याकडे दिला.

पैसे पुरून उरतील एवढे जमले. हे मला सांगायलाच हवं, कारण लोकांनी मनापासून दिले. ज्यांच्याशी तिचं हाडवैर होतं त्यांनीही दिले. मासेवालीने दिले. प्रत्येकाने पावती घेतली, नीट घडी घालून ठेवली, आणि प्रत्येकाने मला विचारलं, "काकी कशी आसा?" पूर्वी मूठ घालताना कोणी असं विचारलं नव्हतं. विचारायचंच नसायचं.

काकीच्या पलीकडच्या शेजाऱ्याने, ज्याच्याशी ती नारळावरून भांडायची त्यानेच, स्वतःची गाडी काढून तिला गोव्याला पोचवलं. ऑपरेशन छान झालं. काकी परत आली, हळूहळू चालू लागली, धाप गेली. डॉक्टर म्हणाले, आता काही काळजी नाही. मी नारळ फोडला.

आणि मग मी वाट बघत राहिले. आज भांडेल, उद्या भांडेल.

नळावर ती मागे उभी राहायची. कोणी पुढे घुसलं तर सरकून जागा द्यायची. बायका तिला म्हणायच्या, "काकी, तू भर पयली," आणि ती भरायची, मान खाली घालून. मासेवाली तिच्या ताटात दोन बांगडे जास्त टाकायची. कल्ला उघडून बघणं बंद. एकदा बांगडा चक्क शिळा होता, मला वासाने कळलं. ती काही न बोलता घेऊन आली आणि माझ्या मांजराला घातला.

"काकी, काय झालंय तुला? बोल की तिला काहीतरी," मी म्हटलं.

"काय बोलू? पयली माका बघून लोक वाट बदलीत. आता थांबान हसतत. आता माका भांडाक येवचा नाय गो. जेच्या तोंडार बघतंय, तेची पावती आठावता."

मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला. रागवायचं कोणावर, हेच कळत नव्हतं. ठराव बरोबर होता. ग्रामसेवक बरोबर होता. पोरांनी प्रेमानेच केलं. लोकांनी हात सैल सोडला. काकी जिवंत आहे, समोर बसलीय, भात खातेय. मग माझं गेलं काय? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. पहाटे तिच्या घरातून जो आरडाओरडा ऐकू यायचा, ज्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, तो गेला. त्याची मला एवढी हळहळ वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

ह्या उन्हाळ्यात त्याच शेजाऱ्याने काकीच्या आणि त्याच्या आवारामधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, नव्याने बांधायला काढला. जुना चिऱ्यांचा गडगा जागोजाग ढासळला होता. गवंडी आले, दोरी बांधली. मी दुपारी कपडे वाळत घालताना बघितलं तर दोरी काकीच्या बाजूला चांगली हातभर आत आलेली. अबोलीचा वाफा आणि तिच्या विहिरीकडे जायची पायवाट दोन्ही पलीकडे गेलेली.

काकी पडवीत बसून तांदूळ निवडत होती. तिथून दोरी सरळ दिसत होती.

मी तशीच धावत गेले. "काकी, दिसतंय का तुला? वाट गेली तुझी! पाणी कुठून आणणार? ऊठ, विचार त्याला!"

ती सुपातून नजर न काढता म्हणाली, "तेणी इचारल्यान माका. मी म्हटलंय, घाल."

"घाल? हातभर जमीन?"

"गोव्याक कोणी नेल्यान माका? आणि पयली पावती तेचीच होती."

"म्हणून काय जमीन द्यायची? थांब, मीच जाऊन त्याला..." माझा आवाज चढला होता. गडग्याशी गवंड्यांचे हात थांबले. शेजारी मान वर करून आमच्याकडे बघू लागला.

काकीने सूप खाली ठेवलं आणि माझा हात धरून मला खाली बसवलं. ह्या पडवीत बसून तिने उभ्या आवाटाला शिव्या घातलेल्या मी ऐकल्यात.

"गो, हळू बोल," ती म्हणाली. "तो ऐकतलो."