आक्कांची साधी काडतुसं

आक्का माणसाचं नाव नंतर विचारत, आधी त्याचा हात हातात घेत. घट्ट दाबून, मनगट किंचित वळवून बघत आणि मग काउंटरकडे वळून सांगत, "साधी दे." शारजाबाहेरच्या आमच्या शूटिंग क्लबात त्या पिस्तूल शिकवायच्या. मूळच्या कोल्हापूरच्या. पठाण रखवालदारापासून रिसेप्शनवरच्या फिलिपिनो मुलीपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत.

काउंटरवर काडतुसांचे दोन प्रकार असत. आकार एकच, पण दुसऱ्यात दाब जास्त. गोळी जोरात सुटते, आवाज मोठा, हाताला धक्काही मोठा. पहिल्यांदा येणाऱ्या दहांतल्या नऊ पुरुषांना तीच हवी असे. "आक्का, पॉवरवाली दो ना." आक्का विचारत, "आवाज चाहिए या निशाना?" मग हातातलं पिस्तूल उलटंपालटं करून बघत. जुनं असलं तर तिथेच खलास, कारण त्या नळीला तो दाब सोसत नसे. नवं असलं तर दोन्ही प्रकारच्या पाच-पाच गोळ्या झाडायला लावत आणि निशाण्याचे दोन्ही कागद शेजारीशेजारी टांगत. जोरदारची भोकं विखुरलेली असत. तो माणूस कागद बघून आपणच साध्या खोक्याकडे हात करी.

त्यांचा जोरदार काडतुसांवर राग होता असं मात्र नाही. आमच्या ऑफिसातल्या देशपांड्यांना त्यांनी स्वतःहून ती दिली होती. "तुमचं मनगट तयार आहे, पिस्तूल नवं आहे. घ्या की. उगाच घेऊ नका एवढंच."

मी सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसच्या टीमला चौथा माणूस मिळेना म्हणून गेले. अल नहदातल्या घरून शुक्रवारी संध्याकाळी तेवढीच एक फेरी, असा माझा हिशेब. पहिल्याच दिवशी हट्टाने जोरदार काडतुसं मागितली. आक्कांनी दिली. पुढच्या खेपेला साधी झाडतानाही माझे डोळे आधीच मिटू लागले. तेव्हा त्यांनी मॅगझिन स्वतः भरलं आणि मला न सांगता मध्ये एक खोटं काडतूस घातलं. मी चाप ओढला. आवाज झालाच नाही, तरी माझा हात खाली गेला.

"बघितलंस? कोण ढकललं तुला?"

"कोणी नाही."

"मग कशाला पडतीस? चल, यल्ला, परत."

हे त्यांनी महिनाभर केलं. हसल्या एकदाही नाहीत.

मग त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. क्लब दरवर्षी प्रशिक्षकांची परीक्षा घेई. ओळीने उभ्या केलेल्या सगळ्या लोखंडी थाळ्या पाडायच्या. नापास झालं तर करार नाही, करार नाही तर व्हिसा नाही. अंगठा धरेना, त्यामुळे आक्कांची गोळी खाली जाऊ लागली होती, आणि साधी गोळी थाळीच्या खालच्या कडेला लागली तर थाळी नुसती हलते. जोरदार गोळीने तीच थाळी पडते. परीक्षेत दोन्ही चालत.

आदल्या आठवड्यात त्यांनी आपल्याही हाताने दोन्ही झाडून बघितल्या. साध्याची भोकं थोडी खाली, पण एकत्र. जोरदारची कागदभर.

मी म्हटलं, "आक्का, कागद राहू दे. नियमात बसतं. जोरदार घ्या आणि मोकळ्या व्हा. थाळ्या पडतील."

"पडतील की. पण कुठली गोळी कुठं जाणार ते मला आधी सांगता येत नाही. तसली मी सोडत नाही."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसे.

परीक्षेला त्या साधी काडतुसं घेऊन उभ्या राहिल्या. घाई नाही. थाळ्या एकेक करत पडल्या. शेवटचीला गोळी लागल्याचा टण्ण आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. थाळी मागे झुकली, डुलली आणि पुन्हा उभी राहिली.

क्लबचा मॅनेजर जॉर्डनचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो हळूच म्हणाला, "आक्का, एक बार और. स्ट्राँगवाली ले लो. कोई बात नहीं."

आक्कांनी पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं. "नहीं गिरी ना? तो लिखो."

त्याने लिहिलं.

करार संपेपर्यंत त्या रोज आल्या. रेंजवर थाळ्या संध्याकाळी पुन्हा पांढऱ्या रंगवतात. ती शेवटची थाळी तेवढी त्यांनी रंगवू दिली नव्हती. शेवटच्या वर्गाला, गोळीबार थांबल्यावर, त्या आम्हा सगळ्यांना तिच्यापाशी घेऊन गेल्या. खालच्या कडेला शिशाचा करडा डाग होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही माझी. इथं लागली की पडत नाही." मग वीतभर वर बोट नेलं. "इथं मारायची." आणि आम्हाला पुन्हा रेषेमागे पाठवलं.