त्याचं वकीलपत्र माझ्याकडं नाही

"शिनोलीत कुणाच्या?"

घोडेगाव कोर्टाच्या व्हरांड्यात डिंगोऱ्याच्या त्या माणसानं मला विचारलं. मी सरकारी वकील. त्याची कॉलेजात जाणारी मुलगी पेठजवळ हायवेवर स्कूटीसकट टेम्पोखाली गेली होती. साक्षीआधी त्याचा जुना जबाब त्याला वाचायला द्यावा म्हणून मी बाहेर आले होते. त्यानं गाव विचारलं, मी सांगितलं. मग हा प्रश्न. हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. मी आडनाव सांगितलं.

माझ्या हातातला कागद त्यानं घेतला नाही. पोलीस शिपायाकडं बघून म्हणाला, "दुसरा वकील न्हाई का? आमच्या पोरीच्या केसला ह्येच मिळालं व्हय?"

शिपाई हसला. शेजारी उभे असलेले दोन वकीलही हसले. मी कागद फाइलमध्ये घातला. लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, याचा राग आला.

त्या दिवशी साक्ष झालीच नाही, तारीख पडली. संध्याकाळी माझ्या वरिष्ठांचा फोन. "साक्षीदाराला दुसरा वकील हवाय म्हणे. त्या तारखेला रजा टाका. तुम्हालाही कटकट नको."

याआधी दोनदा टाकली होती मी अशी रजा. दोन्ही वेळा कारण लिहिलं, प्रकृती बरी नाही. प्रकृती ठणठणीत होती. सांगणार कुणाला? बाररूममध्ये मला चेष्टेनं 'सरकार' म्हणतात. जेवायच्या सुट्टीत मात्र सरकारला कुणी हाक मारत नाही. मी माझ्या खोलीत फायली बाजूला सारून एकटी डबा खाते.

अर्ज लिहायला बसले. 'सविनय' लिहिलं आणि थांबले. या माणसानं मला नेमलंय कुठं? त्याचं वकीलपत्र माझ्याकडं नाही. मग तो मला काढणार कसा? इतकी वर्षं एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. अर्ज फाडला.

तारखेला तो साक्षीला उभा राहिला. उत्तरं न्यायाधीशांकडं बघून द्यायची असतात, त्यामुळं माझ्याकडं बघायची त्याला गरजच पडली नाही. मग पोलिसांनी जप्त केलेलं हेल्मेट आलं. टेम्पोवाला म्हणत होता, पोरीच्या डोक्यात हेल्मेट नव्हतंच. सील फोडलं आणि मी ते त्याच्यासमोर धरलं.

"तितं ठिवा," कठड्याकडं बोट करून तो म्हणाला.

"हातात घ्या. आतून बघून सांगा, कुणाचं आहे."

मी खाली ठेवलं नाही. न्यायाधीशांनी मान वर केली. मी हात तसेच पुढं धरले.

त्यानं घेतलं. आत पेनानं लिहिलेलं नाव दिसलं. "आमच्या पोरीचंच हाय," म्हणाला, आणि हेल्मेट छातीशी धरून रडला. मलाही भरून आलं. भर कोर्टात त्या क्षणी मला फार एकटं वाटलं.

बाहेर आल्यावर डोळे पुसत त्यानं शिपायाला विचारलं, "फुडल्या तारखेला तरी दुसरं कोण यील का?"

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज खाली आणला नाही.

"दुसरं कुणी येणार नाही. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे, ती मीच घेणार. निकालापर्यंत मीच. येताना तुमचा विटाळ तेवढा घरी ठेवून या."