एकाचे दोन दिसू लागले तेव्हा

नुकत्याच उपटलेल्या कांद्यांचा ओलसर, तिखट गंध, कोवळं ऊन आणि बेल्ह्याच्या बाजाराकडे निघालेल्या गुरांच्या गळ्यांतला घंटानाद, अशा पौषातल्या एका प्रसन्न सकाळी, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, अंगणातल्या आमच्या एकुलत्या एका म्हशीच्या मला दोन म्हशी दिसल्या. डोकं तर महिनाभर ठणकत होतं, उलट्याही थांबत नव्हत्या. पण ते सारं आम्ही डोहाळ्यांच्या नावावर टाकून मोकळे झालो होतो.

हे ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. "आगं, जुळी हायेत पोटात! म्हनून एकाचं दोन दिसतंय." सोनोग्राफीत एकच बाळ आहे म्हटलं, तर "मशिनीला काय कळतंय? एकामागं एक लपलं आसंल!" म्हणत त्यांनी दोन कुंच्या शिवायला घेतल्या. त्यांच्या हट्टापुढे घरातल्या साऱ्यांनी केव्हाच हात टेकले आहेत.

जुन्नरच्या डॉक्टरबाईंना मी हा किस्सा खिदळत सांगितला. त्या हसल्या नाहीत. "एक डोळा झाका बरं. आता बोटं किती?" एकच. दुसरा झाकला, तरी एकच. मग त्यांनी दिव्याने माझ्या डोळ्यांत खोलवर पाहिलं, आतल्या नसेवर सूज आहे म्हणाल्या आणि त्याच दिवशी पुण्याला धाडलं.

बाळासाठी रंगाचं इंजेक्शन टाळून केलेल्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आवरणावर लिंबाएवढी गाठ दिसली. बहुधा साधी, पण गर्भारपणात फुगत चाललेली. मी घाबरले, फार घाबरले. मी की बाळ, हे विचारायला जीभ रेटेना, तेव्हा सर्जनच म्हणाले, "दोघंही हवीत आपल्याला." सूज उतरवणाऱ्या गोळ्या, दर पंधरवड्याला नजरेची तपासणी, दिवस भरत आले की सिझेरियन आणि मग डोक्याचं ऑपरेशन, असं ठरलं; मधेच नजर मंदावली, तर मात्र थांबायचं नाही. नजर टिकली. आंबे पाडाला लागले, तेव्हा मुलगी झाली. दोन महिन्यांनी गाठही निघाली; नसेला चिकटलेला इवलासा तुकडा डॉक्टरांनी मुद्दाम तसाच ठेवला आहे, त्याच्यावर नजर ठेवायची.

परवा श्रावणातल्या हळदुल्या उन्हात सासूबाई नातीची टाळू भरत होत्या. तिची उडणारी टाळू तळव्याखाली क्षणभर झाकून त्या थबकल्या. मग मला जवळ ओढून, नुकत्याच उगवू लागलेल्या केसांवर, वाळलेल्या टाक्यांच्या जरा अलीकडे, त्यांनी तेलाची दोन बोटं टेकवली.

"हिची भरंल वर्सा-दीड वर्सात. तुझी कवा भरतीय बघू. तवर दोघींनाबी लावीन."

कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली आणि तेल मुरू दिलं.